आमरीला झाडाकडून फक्त जागा हवी असते

चि. मृण्मयी हिस,


पावसाळ्याआधी आंब्यावरची बांडगुळं काढायला गडी सांगितलेत, असं तू कळवलंस. बांडगुळं काढायलाच हवीत, पण त्यांच्याबरोबर आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, उतरवू देऊ नकोस. घरामागच्या आंब्यावर दोन्ही आहेत आणि कोयता चालवणाऱ्याला बऱ्याचदा दोन्ही सारखीच वाटतात. म्हणून गडी वर चढायच्या आधी तू स्वतः नीट बघून घे आणि काय ठेवायचं ते त्यांना हाताने दाखव.

बांडगूळ फांदीत घुसतं. घुसलेल्या जागी गाठ येते, झाडाचं पाणी आणि क्षार ते ओढून घेतं आणि पुढची फांदी वाळत जाते. त्याची चिकट बी फुलटोच्या पक्षी एका फांदीवरून दुसरीवर नेतो. आमरीचं तसं नाही. तिची मुळं सालीवर पसरतात, लाकडात शिरत नाहीत. झाडाकडून तिला हवी असते ती फक्त जागा, उजेड आणि वारा मिळेल अशा उंचीवरची. पाणी तिला पावसाचं आणि दवाचं मिळतं, खाद्य सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून आणि बेचक्यात कुजणाऱ्या पाल्यातून. आमरीमुळे आंबा वाळला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

तिचं एखादं मूळ जवळून बघ. कोरडं असताना ते राखाडी-पांढरं दिसतं. त्यावर थोडं पाणी सोड, थोड्याच वेळात ते हिरवं होईल. बाहेरचा पांढरा थर मृत पेशींचा, पाणी टिपून धरणारा असतो. तो भिजला की त्यातून आतला हिरवा भाग दिसायला लागतो. असं मूळ मातीत पुरलं किंवा कोकणातल्या पावसात ओल्या शेवाळाखाली दाबून ठेवलं तर कुजतं. त्याला भिजायला हवं आणि नंतर वाऱ्यावर सुकायलाही हवं. पुढचं सगळं यावरून ठरतं.

नवी आमरी झाडावर बांधायची असेल, तर झाड निवडताना साल बघ. आंबा, फणस, नारळ, चाफा ही झाडं उत्तम, कारण त्यांची साल टिकते. पेरूची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर आमरीची पकडही जाते, म्हणून पेरू नको. खळ्यातला चाफा तर फारच सोयीचा. पावसाळ्यात त्याची सावली असते आणि पानं गळली की हिवाळ्याचं कोवळं ऊन थेट खोडावर येतं. ज्या कलमांवर दर हंगामात फवारणी होते ती मात्र सोडून दे. खोडाची पूर्वेकडची बाजू धर, म्हणजे सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं टळेल.

बांधायची वेळ मृगाच्या आसपासची. त्या सुमारास मुळांना नवी हिरवी टोकं फुटतात आणि तीच सालीला चिकटतात. रोप कुंडीतलं असेल तर कोळसा, नारळाच्या शेंड्या सगळं काढून मुळं मोकळी कर. मग रोप खोडाला लावून सुंभाने घट्ट बांध. रोप वाऱ्याने हललं की नवी टोकं घासून मरतात, म्हणून ते जराही डुगडुगता कामा नये. तांब्याची तार वापरू नकोस, तांबं आमरीला मानवत नाही. रोपाचा शेंडा थोडा बाहेर आणि खाली झुकलेला ठेव, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचणार नाही. फॅलेनॉप्सिस असेल तर हे विसरूच नकोस, कारण पाणी साचलं की तिचा गाभा सडतो. रात्री गोगलगायी कोवळी टोकं खातात, तेव्हा पहिले काही आठवडे बॅटरी घेऊन एक फेरी मार. मुळांनी साल धरली की सुंभ आपोआप कुजून गळून पडतो.

दिवाळीनंतर पाऊस थांबला की पहिलं वर्षभर सकाळी पाणी फवार. मुळं हिरवी झाली की थांब. इथल्याच जाती असतील तर एकदा रुजल्यावर त्यांना तुझ्या पाण्याची गरज राहत नाही. त्यातल्या एका डेंड्रोबियमची पानं पावसाळ्यानंतर गळतात आणि नुसत्या काटक्या उरतात. ती मेली समजून काढू नकोस. हिवाळा सरता सरता त्याच बोडक्या काटक्यांवर पांढरी फुलं येतात.

आंब्याच्या मोठ्या फांदीवर जी जाड पानांची आमरी आहे, जिच्या पानांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात, ती सीतेची वेणी. पावसाच्या तोंडावर तिला खाली लोंबणारे तुरे येतात. एकेका तुऱ्यात शंभरावर फुलं असू शकतात, पांढरी, गुलाबी-जांभळे ठिपके असलेली. हीच आमरी आसामात बिहू नाचणाऱ्या मुली केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन राज्यांचं ते राज्यफूल आहे. तुझ्या आवारात ती कुणी न लावता आली आहे. तिला खत नको, छाटणी नको, जागेवरून हलवणंही नको.

आता जे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते. जंगलातून एकही रोप आणू नकोस. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण त्या धुळीइतक्या बारीक असतात आणि त्यांत साठवलेलं अन्न नसतं. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात, आणि रुजल्यावरही फुलायला वर्षं लागतात. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, आमरीच्या बिया रुजवून दाखवल्या. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपं तयार करता येतात आणि रोपवाटिकांत ती मिळतातही. मग जंगल ओरबाडायचं कारणच उरत नाही. वादळात आपल्याच आवारातली फांदी मोडली तर तिच्यावरची आमरी उचलून दुसऱ्या झाडावर बांध, कारण जमिनीवर ती कुजून जाईल. पण बाजारात कुणी जंगलातून उपटलेल्या आमऱ्या विकायला बसलं असेल, तर त्या जगवायच्या म्हणूनसुद्धा घेऊ नकोस. आपण घेतो म्हणून तो पुन्हा तोडायला जातो.

तुझी,
मावशी