भाच्याचा ड्रोन

माझा भाचा जालन्यात लग्नांचं शूटिंग करतो. त्याचा ड्रोन २०२१ मधला, अडीचशे ग्रॅमच्या आतला. आमच्याकडे वस्तू मोडेपर्यंत वापरतात. अब्बांची सायकल अजून ओसरीत उभी आहे. म्हणून तो "मामू, नवा घ्यायचाय" म्हणाला तेव्हा मी विचारलं, "हा बिघडलाय का?"

बिघडलेला नाही. पंखे दोनदा बदलले, तेही स्वस्तात. थकतात त्या बॅटऱ्या. कागदावर ३१ मिनिटं, ती वारा नसतानाची. आता १८व्या मिनिटालाच खाली उतरवावा लागतो. शिवाय अशा ड्रोनला ४० अंशांपर्यंतच उडवा असं लिहिलेलं असतं, आणि आपली लग्नसराई भर मे महिन्यात! लिथियमची बॅटरी पूर्ण भरून उन्हात पडली की फुगते.

पण खरं कारण वेगळंच निघालं. नवरदेवाच्या दोस्तांना रील हवी, म्हणजे उभा व्हिडिओ. २०२२ मध्ये आलेल्या मिनी ३ प्रोचा कॅमेरा उभा फिरतो, याचा फिरत नाही. आडवं चित्र कापून उभं केलं की फाटतं. ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.

आणि घ्यायचा कुठून? फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग चालतात. त्याला मिळत होता तो बिनबिलाचा, वॉरंटी नसलेला. त्यासाठी बहिणीच्या निकाहसाठी चालवलेली भिशी तो उचलणार होता. मी म्हटलं, "बेटा, आधी दोन बॅटऱ्या घे, हा सीझन काढ."

बॅटऱ्या आल्या. उभ्या व्हिडिओसाठी सध्या तो मोबाईल धरून बारातीपुढे उलटा चालतो.