मिरीचा वास

गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी कविता शिकवीत आहें, आणि या तीस वर्षांत मद्यावर मीं जेवढीं व्याख्यानें दिलीं असतील तेवढीं एखाद्या कलालानेंहि दिलीं नसतील. कीट्सच्या १८१९ सालच्या नाइटिंगेलवरील कवितेंतली ती द्राक्षासवाची तृष्णा, फिट्झजेराल्डनें १८५९ सालीं इंग्रजींत आणलेला उमर खय्यामचा प्याला, हीं वर्गापुढें मांडतांना माझा आवाज असा कांहीं भरून येई कीं, मागच्या बांकावरचीं मुलें एकमेकांकडे अर्थपूर्ण दृष्टीनें पाहत. खरी गोष्ट मात्र अशी कीं, गेल्या चैत्रापर्यंत द्राक्षाच्या मद्याचा एक थेंबहि माझ्या जिभेला शिवला नव्हता.

यांत माझी थोरवी कांहींच नाहीं. आमच्या घरीं दारू हा शब्द उच्चारतांना आई आवाज खालीं आणी. त्या एका व्यसनापायीं बसलेलीं दोन-तीन घरें मीं लहानपणीं गल्लींतच पाहिलीं होतीं. तेव्हां तो दरवाजा ठोठावण्याची इच्छाच कधीं झाली नाहीं. अशा घरांत पुण्यास नोकरी करणारी माझी मुलगी चैत्रांत आली ती नाशिककडच्या एका मळ्यांतली तांबड्या वाइनची बाटली घेऊन! "बाबा, तीस वर्षें शिकवतां आहांत, एकदां चाखून तरी पाहा," ती म्हणाली. मीं हिच्याकडे पाहिलें. हिनें विचारलें, "परवाना आहे का?" आमच्या घरीं कायद्याचें खातें हिच्याकडे आहे, आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा या राज्यांत अजून जिवंत आहे हें ती विसरलेली नव्हती. पण मुलीनें एक दिवसाचा परवानाच पुढें केला, आणि हिचा निदान कायदेशीर आक्षेप तरी संपला.

बाटलीवर नांव होतें 'शिराझ'. तें वाचतांच माझें मन थेट इराणांत गेलें. शिराझ म्हणजे हाफीजचें गांव. त्याची कबरहि तिथेंच. आणि फारसी कवितेचें वेड कोल्हापुराला कांहीं परकें नाहीं. फारसीचे पंडित माधव जूलियन याच गांवांत, राजाराम कॉलेजांत शिकवीत, आणि खय्यामच्या रुबाया मराठींत आणतांना त्यांनीं आपल्या एका पुस्तकाला 'द्राक्षकन्या' असें गोड नांव दिलें. तेव्हां मीं मुलीला मोठ्या थाटांत सांगितलें कीं, ही वेल हाफीजच्या अंगणांतली. ती हंसली. शास्त्रज्ञांनीं १९९८ च्या सुमारास या द्राक्षाची वंशपरीक्षा केली आणि आईबाप शोधून काढले. ते दोघेहि आग्नेय फ्रान्सचे निघाले! फ्रान्सांत या द्राक्षाला सिरा म्हणतात. जेम्स बझ्बी नांवाच्या गृहस्थानें १८३२ सालीं तिकडच्या वेलींचे छाट ऑस्ट्रेलियास नेले, आणि शिराझ हें नांव तिथें रुळलें. पहिल्या घोटापूर्वींच माझें एक व्याख्यान वाहून गेलें.

मग शिष्य होऊन बसलों. ही वाइन खोलीच्या उष्णतामानावर द्यावी असें इंग्रजी पुस्तकांत वाचलें होतें. "ती खोली तिकडची, बाबा," मुलगी म्हणाली. शिराझला सोळा ते अठरा अंश मानवतात. आमच्या माजघरांत चैत्रांत त्याच्या दुप्पट उष्मा! म्हणून बाटली अर्धा तास शीतकपाटांत ठेवली. चषक तिसऱ्या हिश्शाइतकाच भरायचा, म्हणजे उरलेल्या पोकळींत वास सांठतो. आणि तो देठाशीं धरायचा, म्हणजे तळहाताची ऊब आंत पोंचत नाहीं. पांढऱ्या पंचावर चषक कलता धरला तों आंत पिकल्या जांभळाचा रंग दिसला. मग तो हलकेंच फिरवून नाकाशीं न्यायचा.

"आला ना मिरीचा वास?" मुलीनें विचारलें. हिनें तर तोंडाला न लावतां नुसता हुंगला आणि म्हणाली, "अगबाई, खरंच! काळी मिरी!" मला जांभूळ लागलें, थोडें जुनें लांकूड लागलें, मिरीचा मात्र मागमूसहि नव्हता. तरी मी म्हणालों, "वा! मिरी अगदीं स्पष्ट आहे."

जेवणांत मटण होतें. तांबड्या रश्श्याबरोबर घोट घेतला आणि घसा पेटला. मद्यार्कानें तिखटाचा दाह वाढतो. पांढरा रस्सा आणि सुकें मटण यांच्याशीं मात्र तिचें छान जमलें. सालीचा तुरटपणा मांसाच्या घांसाबरोबर निवतो. माझें मन मात्र निवेना. एवढ्याशा वासासाठीं मी खोटें कां बोललों?

रात्रीं वाचूं लागलों. या वासाचें मूळ ऑस्ट्रेलियांतल्या संशोधकांनीं २००८ सालीं शोधलें. त्या द्रव्याचें नांव रोटंडोन. काळ्या मिरींतहि तेंच असतें. पण त्यांच्या परीक्षकांपैकीं सुमारें पांचव्या हिश्शाला तो वास येतच नव्हता! म्हणजे दोष असलाच तर माझ्या नाकाचा होता. खोटेपणा मात्र सर्वस्वीं माझा होता. मी उठून स्वयंपाकघरांत गेलों आणि मसाल्याच्या डब्यांतली मिरी हुंगली. वास आला, पण तो इतरांना येतो तोच कीं दुसरा, हें मला कोण सांगणार? आणि दुसऱ्यांच्या नाकानें घेतलेले असे किती वास मीं तीस वर्षें भरल्या आवाजानें वर्गाला दिले असतील?

जूनमध्यें महाविद्यालय उघडलें. कीट्सच्या त्या कडव्याशीं आलों तेव्हां मीं पुस्तक मिटलें आणि सरळ सांगितलें, "मीं ही वस्तु एकदां चाखली. मला जांभूळ लागलें. बाकीचें मला कळलें नाहीं. तुम्हांला द्राक्ष म्हटल्यावर काय आठवतें?" वर्ग स्तब्ध झाला. मग मागच्या बांकावरून तासगांवकडची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे द्राक्ष म्हणजे औषधाचा वास. फवारणी करून आल्यावर वडिलांच्या सदऱ्याला येतो तो."

त्या दिवशीं कीट्स पुढें गेला नाहीं. तास संपेपर्यंत मुलें आपापले वास सांगत होतीं, आणि मी ऐकत होतों.