वूफर केवढ्याचा टाकलास?

गाडीत नवीन सिस्टीम बसवली असं कुणालाही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "वूफर केवढ्याचा टाकलास?" दहा इंची की बारा इंची, किती वॉटचा, मागच्या गाडीवाल्याला ऐकू जातो की नाही. शब्द नीट कळतात का, हे आजपर्यंत मला एकानेही विचारलेलं नाही. म्हणून आजचा शनिवार त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी.

थोडी पार्श्वभूमी. मी हिंजवडीत पाट्या टाकतो आणि महिन्यातून दोनदा घरी, म्हणजे देवळाली कॅम्पला येतो. घरची गाडी बोलेरो. बाबा तोफखान्यातून निवृत्त झालेले, शेवटची काही वर्षं इथल्याच स्कूल ऑफ आर्टिलरीत उस्ताद होते. हे स्कूल १९४१ साली काकूलहून (ते गाव आता पाकिस्तानात आहे) देवळालीला आलं. त्यामुळे रेंजवर फायरिंग सुरू झालं आणि खिडकीची तावदानं थरथरली, तरी कॅम्पातलं कुणी चहाच्या कपातून मान वर काढत नाही. सबवूफर ही आम्हा कॅम्पवासीयांना जन्मतःच मिळालेली सोय आहे म्हणा ना! :)

या सोयीची किंमत बाबांच्या कानांनी मोजली. १४० डेसिबलच्या वरचा एकच धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो, आणि मोठ्या तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानाशी तो आकडा १७० च्या घरात जातो. बाबांच्या उमेदीच्या काळात कापसाचे बोळे म्हणजे चैन होती. अशा आवाजाने कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. बाबांच्या ऑडिओग्रामची रेघ तिथेच विहिरीत उतरावी तशी खाली गेली आहे.

आता गंमत अशी की आपल्या बोलण्यातली बरीचशी ताकद स्वरांत असते आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. पण अर्थ ठरतो व्यंजनांवर. स, श, त, थ, फ यांची ओळख पटवणारा भाग असतो दोन ते आठ हजार हर्ट्झमध्ये. तो गेला की माणसाला ऐकू येतं, पण कळत नाही. बाबांना "साठ" हे "आठ" ऐकू येतं आणि "सात" हे "हात". बरं, आवाज वाढवावा तर तेही चालत नाही. अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम अंगावर येतो. म्हणून घरात रोजचा संवाद असा:

"बाबा, चहा घेणार का?"

"काय?"

"चहा घेणार का?"

"अरे, मग ओरडतोस कशाला!"

गाडीत तर हे सगळं दुप्पट. भीमसेनांचे अभंग आणि आकाशवाणीच्या बातम्या हे बाबांचे प्रवासातले सोबती. पण गेली दोनएक वर्षं सिन्नर येईपर्यंत ते रेडिओ बंद करायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. गप्पाही बंद. हा माणूस पूर्वी पुणे ते नाशिकरोड अखंड बोलत यायचा. मला सिस्टीम बदलायची होती ती एवढ्यासाठी. बजेट तीस हजार.

नाशिकरोडच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. तिथला पोरगा उत्साही. "दादा, बारा इंचीच टाका, बॉक्ससकट. रोडवर नुसती हवा होईल!" त्याने डेमोच्या गाडीत बाबांना बसवलं आणि एक दणदणीत गाणं लावलं. बाबा अर्ध्या मिनिटात बाहेर आले. म्हणाले, "छातीत धडधडतंय. गाणं कुठाय?"

त्या पोराला यात काही कळलं नाही, पण बाबांनी ध्वनिशास्त्रातला एक महत्त्वाचा नियम सांगितला होता. मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. उलटं फारसं होत नाही. चांगल्या कानालाही हा त्रास असतो, अधू कानाला फारच. आणि बोलेरोत एक वूफर कंपनीनेच फुकट दिलेला आहे, तो म्हणजे इंजिन. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत तीन ठोके देतं. २००० आरपीएमला मिनिटाला तीन हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास. ५० हर्ट्झ! सबवूफरचा अगदी आवडता सूर. त्यावर आणखी बारा इंची आदळायचा म्हणजे पुरणपोळीवर गुलाबजाम.

तेव्हा आधी काय हवंय ते ठरवलं: आवाज न वाढवता शब्द स्पष्ट करायचे. एकदा हे ठरल्यावर निवड सोपी होत गेली.

पहिली गोष्ट, दारं. गाडीचं दार म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात कितीही महाग स्पीकर लावा, पत्राच आधी गाणार. दारांच्या आतून डॅम्पिंगच्या चिकट ब्युटाइल शीट्स लावून घेतल्या. रस्त्याचा आवाजही थोडा कमी झाला. हे काम बाहेरून दिसत नाही, त्यामुळे यावर खर्च करायला कुणी तयार नसतं.

दुसरी गोष्ट, पुढचे स्पीकर. कोअॅक्सियल (एकातच सगळं) की कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळा)? इथे शाळेतलं गणित कामी येतं. ४००० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ सेंटिमीटर. एवढीशी लाट गुडघ्याने, सीटच्या कोपऱ्याने सहज अडते. दारात पायापाशी लावलेल्या स्पीकरमधून ती कानापर्यंत धड पोचतच नाही. म्हणून कॉम्पोनंट घेतले आणि ट्वीटर डॅशबोर्डच्या वर, दोन्ही कोपऱ्यांत, कानांकडे तोंड करून बसवले. याउलट ५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटरची, म्हणजे गाडीपेक्षा लांब. ती कुठून येते हे कानाला कळत नाही, त्यामुळे वूफर सीटखाली ठेवला तरी चालतो.

तिसरी गोष्ट, वॉट. स्टीरिओच्या खोक्यावर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं. गाडी चालू असताना बॅटरीवर असतात साधारण १४.४ व्होल्ट, स्पीकर चार ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले आठ, म्हणजे फार तर सव्वीस वॉट, आणि हानी वजा जाता अठरा-वीस. बाकीचे खोक्याच्या छपाईत जातात. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडून आरएमएस बघावा, आणि त्याहीआधी सेन्सिटिव्हिटी. ९० डेसिबलच्या स्पीकरला ८७ वाल्याच्या निम्म्याच वॉटमध्ये तेवढाच आवाज काढता येतो.

निवड करताना आकड्यांपेक्षा उपयोगी पडली ती ताईची युक्ती. तिने फोनवर वीस शब्द रेकॉर्ड करून दिले होते: सात, हात, कात, पात, साठ, काठ, पाठ असे. दुकानात प्रत्येक जोडीवर तेच शब्द, व्हॉल्यूम शक्य तितका सारखा ठेवून, आणि बाबांनी ऐकलं ते बोलायचं. जुन्या स्पीकरवर वीसपैकी नऊ. सगळ्यात महाग जोडीवर अकरा, कारण तिचा वरचा आवाज मुद्दाम मऊ ठेवलेला होता. मधल्या किमतीच्या एका जोडीवर चौदा. दुकानातला पोरगा आधी हसत होता. नंतर तोच कागद-पेन घेऊन मार्क मांडायला बसला, आणि शेवटी हळूच म्हणाला, "सर, मलापण दोन शब्द नाही कळले." वय असेल बावीस-तेवीस. दिवसभर हेच काम.

त्याला मी नायॉश या अमेरिकी संस्थेचं कोष्टक सांगितलं. ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. नाशिकरोडहून लॅम रोडने कॅम्पात पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे एका फेरीत दिवसाचा कोटा संपला. तो "हो सर" म्हणाला. पुढे काय केलं असेल, माहीत नाही.

मग सबवूफर घेतलाच नाही का? घेतला! डग्ग्याचा घुमार आणि तानपुऱ्याचा भरणा मलाही हवाच होता. आठ इंची, सीटखालचा, स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काही पाठवायचंच नाही असं क्रॉसओव्हरला सांगितलं, त्यामुळे त्यांच्यावरचा भार हलका झाला आणि मधला आवाज स्वच्छ झाला. वूफरच्या पातळीचं छोटं बटण गिअरजवळ आणून ठेवलं. एकटा असलो की चाकणपासून ते अर्ध्यावर. बाबा शेजारी असले की शून्यावर. वायरिंगवाल्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली: अॅम्पच्या मुख्य वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो आग लागू नये म्हणून असतो, तिथे काटकसर नको.

सगळं मिळून तीस हजारांच्या थोडं आत बसलं. शेजारचे काका म्हणाले, "म्हाताऱ्याला ऐकू येत नाही आणि हा स्पीकर लावतोय. पुरता डूलाली झालाय!" (इंग्रजीतला हा शब्द आमच्याच गावावरून पडलाय. बोटीची वाट बघत इथल्या छावणीत खितपत पडलेल्या गोऱ्या सैनिकांची ही देणगी.)

निकाल? चमत्कार वगैरे काही नाही. मेलेल्या पेशी स्पीकर जिवंत करत नाही. श्रवणयंत्र अजून कपाटाच्या खणातच आहे, त्यावर आमची भांडणं चालूच आहेत. पण स्टीरिओचा आकडा पूर्वी चाळीसपैकी बावीसवर असायचा, आता तेरावर पुरतो. आवाज खाली आला आणि त्यावरून बोलता येऊ लागलं. परवा बाबांना घेऊन पुण्याला जाताना बातम्या चालू होत्या. संगमनेर गेलं, नारायणगाव आलं, रेडिओ चालूच. मध्येच बाबा निवेदिकेला म्हणाले, "अहो बाई, गेल्या महिन्यात तर उलटं सांगत होतात!" मग मला त्यावर अर्धा तास ऐकावं लागलं. माझ्या आवडीच्या गाण्यांचा नंबर राजगुरुनगरपर्यंत लागला नाही.

असो. तुम्ही सिस्टीम घ्यायला जाल तेव्हा पेनड्राइव्हवर गाण्यांबरोबर घरच्या माणसाच्या आवाजातले वीस शब्दही न्या. आणि त्या गाडीत सगळ्यात जास्त बसणाऱ्या कानांना सोबत घेऊन जा.