ऐकलेले व्याकरण

धार जिल्ह्यातील डही येथे, वावटळीनंतर अंगणाकडे पाहून आमची चार वर्षांची कन्या म्हणाली, “झाड पडला!” आम्ही हसलो; मग खजील झालो. हिंदीत लिंगे दोनच. मराठी-कोंकणीत तीन, तशीच जर्मन भाषेतही. तेथे मुलीला रूढ असलेला शब्द, आपल्या कोंकणी ‘चेडूं’प्रमाणेच, नपुंसकलिंगी! तर्काने हे कोणास उमगावे? तेथील बालक घरच्यांच्या बोलण्यातूनच, शब्दामागून शब्द ऐकत, लिंग ओळखू लागते. मग कन्येच्या चुकीचा आरोपी कोण? दिवसभर कोर्टात हिंदी बोलून घरी मौन धरणारे आम्हीच. त्या सायंकाळपासून आम्ही तिला चूक दाखविली नाही. केवळ मराठीत गोष्टी सांगितल्या. काल ती म्हणाली, “बाबा, फूल उमललं!”