सूर्यास्ताचा रकाना

अहेरीला रेल्वे नाही. प्राणहितेच्या परिसरातील या तालुक्याच्या गावाहून आगगाडी गाठायची, तर जंगलातला रस्ता तुडवून बल्लारशाला जावे लागते. जिल्ह्यातील जुने स्थानक म्हणजे वडसा. पण ते पार उत्तरेच्या टोकाला. अशा गावातील एका किराणा व्यापाऱ्याने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी चौदा दिवस केवळ रेल्वेने इटली पाहण्याचे ठरवावे, याचे शेजारच्या दुकानदारांना मोठे कौतुक वाटले. त्यांच्या घरात मात्र त्या कौतुकाला काही आठवडे उतरती कळा लागली होती.

बेत जुना होता. चाळीस वर्षांच्या संसारात पतिपत्नींनी मिळून गावाबाहेर काढलेले सलग दिवस कधी आठाच्या वर गेले नव्हते. दुकान, सासूबाईंचे आजारपण, मुलांची शिक्षणे, सगळे यथासांग पार पडले. आता दुकान पुतण्या पाहतो आणि पुण्यात नोकरीस असलेला मुलगा विमानाची तिकिटे काढून द्यायला तयार आहे. महिना कोणता, एवढाच प्रश्न होता. मार्चअखेर हिशेबाची. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम, म्हणजे मजुरांच्या हाती पैसा येण्याचे आणि दुकानात उसंत नसण्याचे दिवस. पुढे चातुर्मास. उरला एप्रिलचा पहिला पंधरवडा.

गृहस्थांनी जुन्या खतावणीची कोरी पाने काढून यादी केली. नेपल्स, पॉम्पेई, रोम, असिसी, सिएना, फ्लॉरेन्स, पिसा, बोलोन्या, व्हेनिस, व्हेरोना, मिलान. चौदा दिवसांत अकरा मुक्काम! यादी पाहून मुलाने दूरध्वनीवरून एकच हिशेब विचारला. "बाबा, एक मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधणे, स्थानक गाठणे, प्रवास आणि नवी खोली शोधणे, अर्धा दिवस जातो. अकरा मुक्काम म्हणजे दहा बदल. पाच दिवस निव्वळ घसाऱ्यात गेले."

घसारा हा शब्द व्यापाऱ्याला अचूक लागला. तरी त्यांनी कशीबशी दोनच नावे खोडली. पैसा देऊन तिकडे जायचे आणि कमी पाहून यायचे, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते.

त्याच सुमारास पत्नी म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघे बापलेकच जाऊन या. माझे गुडघे काही साथ द्यायचे नाहीत."

गुडघे दुखत होते हे खरे. पण याच बाई पर्युषणात रोज पायी मंदिरात जाऊन येत असत. गृहस्थांनी दोन दिवस समजूत घातली, तिसऱ्या दिवशी रागावले, चौथ्या दिवशी अबोला धरला. अखेर एका सायंकाळी पानावरून उठताना पत्नीने सहज विचारावे तसे विचारले, "तुमच्या त्या यादीत, सायंकाळी सहा वाजता आपण रोज कोठे असू?"

यादीत गावे होती, गाड्या होत्या, भाडी होती. सायंकाळी सहाचा रकाना नव्हता. सव्वीस वर्षे या बाईंचा चौविहार एकदाही मोडलेला नाही. परक्या मुलुखात धावत्या गाडीत सूर्य मावळला, तर उपाशी राहावे लागेल. आणि आपण उपाशी म्हणून बरोबरच्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. त्यांना भय उपाशी राहण्याचे नव्हते, आपले कोणाला ओझे होण्याचे होते. गुडघ्यांचे कारण त्यासाठी पुढे केले होते.

त्या रात्री गृहस्थांनी खतावणीचे नवे पान उघडले. पहिला रकाना दिनांकाचा, दुसरा सूर्यास्ताचा, गावाचा तिसरा.

आकडे पाहून त्यांना नवल वाटले. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास पुढे होतात. त्यामुळे एप्रिलच्या पूर्वार्धात अहेरीला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळत असेल, तर रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येथे तो साडेसात ते आठच्या दरम्यान मावळतो. सूर्याने तासाभराची सवलत दिली. अडचण होती ती भोजनालयांची. तेथील बहुतेक भोजनालयांची चूल दुपारी अडीच-तीनला थंडावते आणि रात्रीच्या जेवणासाठी सात-साडेसातच्या आधी पेटत नाही. नेमक्या हव्या त्या वेळी दार बंद! उपाय एकच, स्वयंपाकघर असलेली भाड्याची घरे. आणि स्वयंपाकघर हवे, तर एका गावी चार-पाच दिवस राहायला हवे. अकरा मुक्कामांची यादी तेथेच आपोआप तीनवर आली.

अन्नाचा तपास पत्नीने स्वतः हाती घेतला, आणि त्या दिवसापासून त्यांचे गुडघे बरे वाटू लागले. जे कळले ते टिपून ठेवण्यासारखे आहे. तेथील सुका पास्ता कठीण गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो. ताज्या पास्त्यात मात्र बहुधा अंडे असते. पार्मेजान चीज शाकाहारी नव्हे. दूध विरजण्यासाठी त्यात वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. शेळ्या-मेंढ्यांच्या दुधाच्या कित्येक चीजचीही तीच गत, म्हणून नुसते 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. भाज्यांच्या सुपाचा आरंभच बहुधा कांदा आणि गाजर परतून होतो. तांदूळ मात्र मुबलक, कारण उत्तरेतील पो नदीच्या खोऱ्यात तो पिकतो; धानाच्या मुलुखातून जाणाऱ्यांना हा दिलासाच. घरून खाकरे आणि भाजलेल्या मुगाचे पीठ न्यायचे. तूप, पेढे, बर्फी मात्र न्यायची नाही. दुधाचे पदार्थ प्रवाशाने बाहेरून युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे. फ्लॉरेन्सच्या परिसरातील पाव बिनमिठाचा असतो, हे वाचून त्या हसल्या. "म्हणजे आयंबिलाची सोय त्यांनी आधीच करून ठेवली आहे," त्या म्हणाल्या.

अंतिम बेत असा ठरला. रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला सहा, व्हेनिसला तीन. विमानाने उतरायचे रोमला आणि परतायचे व्हेनिसहून, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. मोठे रेल्वेप्रवास दोनच. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. या गाड्यांची तिकिटे लवकर काढली तर स्वस्त पडतात. छोट्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे ठरलेले असते, आरक्षण लागत नाही. पण कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात शिक्का मारला नाही तर दंड होतो. हमाल मिळेल हे गृहीत धरायचे नाही, म्हणून माणशी एकच बॅग, आणि तीही ज्याची त्याने उचलता येईल एवढीच.

फ्लॉरेन्सच्या सहा दिवसांत सकाळी निघून सायंकाळी पाचपर्यंत परतण्याच्या दोन सहली ठेवल्या. एक सिएनाची. दीड तासाच्या त्या वाटेवर तोस्कानाचा ग्रामीण भाग खिडकीतून दिसतो. स्थानकावरून टेकडीवरच्या गावात जायला सरकते जिने आहेत. दुसरी सहल पिसा आणि लुक्का यांची. लुक्का हे सपाटीवरचे गाव, भोवती सुमारे चार किलोमीटरची तटबंदी, आणि तटावरून झाडांच्या सावलीत चालता येते. आणखी एक दिवस संपूर्ण कोरा ठेवला आहे. रेल्वेचा संप झाला, पाय दुखले किंवा नुसते बसावेसे वाटले, तर तो खर्ची पडेल. व्यापारी याला राखीव निधी म्हणतात.

गंमत अशी की, ही आखूड यादीच व्यापाऱ्याच्या मनाजोगी निघाली. भारतीय अंकांनी हिशेब करण्याची रीत युरोपला शिकवणारा ग्रंथ 1202 मध्ये लिहिणारा लिओनार्दो, म्हणजे फिबोनाची, पिसाचा. सिएनाची बँक 1472 पासूनची. आज चालू असलेल्या बँकांत ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते. लुका पाचोली या साधूने द्विनोंदी जमाखर्चाची पद्धत ज्या ग्रंथात मांडली, तो ग्रंथ 1494 मध्ये व्हेनिसला छापला गेला. जमेला नावे आणि नावेला जमा लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून दुसरे कोणते तीर्थ हवे?

शेंजेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्याला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. अर्जाचे कागद आता दुकानातल्या कपाटात एकत्र लावून ठेवले आहेत. वरच्या पानावर तो तक्ता आहे. त्यातला सूर्यास्ताचा रकाना गृहस्थांच्या हस्ताक्षरात आहे. चौथा रकाना मागाहून, पत्नीच्या हस्ताक्षरात आला. त्याचे शीर्षक 'सायंकाळी काय शिजवायचे'. चौदाही दिवसांपुढे काही ना काही लिहिले आहे. कोऱ्या ठेवलेल्या दिवसापुढे फक्त 'मुगाची खिचडी, दोघांनी मिळून' एवढेच आहे.