रात्रीची रांग

आमच्या विभागात सोळा कोअरचा एकच सर्व्हर आहे आणि सगळ्यांचे जॉब त्याच्यावरच पडतात. सोलापूर पर्जन्यछायेतलं, त्यामुळे पावसाच्या नोंदींवर काम करणारे इथे पुष्कळ. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात मेघबीजनाचा प्रयोग केला, तोही इथेच. त्यांच्याकडे चार पेटाफ्लॉप्सचा ‘प्रत्यूष’ महासंगणक आला; तिथे जॉबची रांग शेड्युलर सांभाळतो. आमची रांग मी कमांड लाइनवर लावते.

‘मॅडम, माझं आधी लावा ना,’ हे रोजचंच. मी एवढंच विचारते, ‘सकाळी मिळालं तर चालेल?’ चालणार असेल तर जॉब ‘नाइस’ 19 लावून सोडायचा. हा आकडा उणे 20 ते 19. जितका मोठा, तितका जॉब मागे. साध्या वापरकर्त्याला तो वाढवता येतो, कमी करता येत नाही. ते रूटच्या, म्हणजे मशीनच्या व्यवस्थापकाच्या, हातात. दुसऱ्याला वाट कुणीही द्यावी, घुसायला मात्र परवानगी लागावी, हा नियम मला मनापासून पटतो.

मागे सरलेला जॉब रखडतो, असं मुलांना वाटतं. मी त्यांना ‘टॉप’ उघडून दाखवते: आकडा 19, तरी कोअर शंभर टक्के वापरात. एकाच कोअरसाठी ओढाताण झाली, तरच लिनक्स शून्यवाल्याला 1024 आणि 19वाल्याला 15 असं वजन देतं. फक्त ‘ऑटोग्रुप’ बंद हवं. नाहीतर दोन टर्मिनलमधल्या जॉबना एकमेकांचा आकडा लागूच होत नाही. मेमरीपुढे मात्र नाइसचं काही चालत नाही. एकाने रॅम खाल्ली की सगळेच स्वॅपमध्ये.

‘बॅच’ कमांड लोड दीडच्या खाली येईपर्यंत थांबते. सोळा कोअरवर दीड म्हणजे जवळजवळ रिकामं मशीन, म्हणून ‘बॅच’चे जॉब सोडणाऱ्या ‘एटीडी’ची मर्यादा मी सोळावर नेली आहे.

पिठाच्या गिरणीत दोन किलोच्या डब्याला मध्ये घेतात, तसे दहा मिनिटांचे जॉब मी मध्ये घेते. पण डबे येतच राहिले तर ज्वारीचं पोतं तिथेच पडून राहतं. त्यामुळे रात्री निघण्याआधी सर्वांत जुना जॉब शोधते, रूट होऊन त्याचा आकडा शून्यावर आणते आणि ज्यांचे जॉब त्यामुळे मागे पडले त्यांना तसं कळवते.