कडेचा आधार

वसईच्या किनाऱ्यावर बालपण गेल्यामुळे होडी म्हटली की मला समुद्रच आठवे. नोकरीनिमित्त भंडाऱ्यास आलो आणि वैनगंगेने तो समज मोडला. 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आज नदीच्या पात्रात मागे दूरवर पसरले आहे. वारा सुटला की त्यावर लाटा उठतात.

शेजारच्या धिवरकाकांचा लाकडी डोंगा याच पाण्यात असतो. जानेवारी 2024 मध्ये याच नदीत, खाली गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडणीस निघालेल्या मजूर महिलांची नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. ती बातमी वाचून मी काकांना म्हणालो, “काका, डोंग्यात फोम बसवू या.”

ते हसले. “गुर्जी, डोंगा लाकडाचाच हाय. तो बुडते का?”

प्रश्न रास्त होता. लाकूड तरंगते खरे. पण पाण्याने भरलेला डोंगा जेमतेम स्वतःला सावरतो. घाबरलेली माणसे त्याला लोंबकळली की तो त्यांच्यासह खाली जातो. फोम हवा तो त्या माणसांसाठी.

पहिला विचार थर्माकोलचा आला. तो स्वस्त आणि हलका. पण त्याचा भुगा होतो, दीर्घकाळात तो पाणी धरतो आणि पेट्रोल सांडले तर विरघळतो. म्हणून बंद पेशींच्या पॉलिएथिलीन फोमच्या चार लाद्या आणल्या. प्रत्येक एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, पाच सेंटिमीटर जाड. एका लादीचे आकारमान पंचवीस लिटर, म्हणजे तिचा आधार सुमारे चोवीस किलोंचा. मानेपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला पाच-सात किलोंचा आधार पुरतो. हिशेब जुळला.

चूक झाली ती जागेची. लाद्या पायांत येऊ नयेत म्हणून मी त्या तळाशी, फळ्यांखाली पक्क्या बांधल्या. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही डोंगा मुद्दाम भरून पाहिला. क्षणभर तो स्थिर राहिला आणि मग हळूच कुशीवर वळून पालथा झाला. तळाचा फोम वर येऊ पाहत होता. त्यानेच डोंगा उलटवला. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्याने मला अंग चोरावेसे वाटले. ही परीक्षा खोल पाण्यात झाली असती तर?

दुसऱ्या दिवशी लाद्यांचे लांब पट्टे कापले आणि दोन्ही बाजूंना काठाच्या लगेच खाली, सारख्या प्रमाणात, नायलॉनच्या दोरीने बांधले. फोम आणि लाकूड यांत बोटभर फट ठेवली, म्हणजे ओल अडकून लाकूड कुजणार नाही. पुन्हा डोंगा भरला. तो काठापर्यंत बुडाला, पण सरळ राहिला. आम्ही दोघे त्याला धरून लोंबकळलो, तरीही राहिला.

शहाण्या कुमारिकांचा दाखला मिस्सेत अनेकदा ऐकला होता. वर येण्यास उशीर झाला तेव्हा त्यांच्याजवळचे जादा तेल उपयोगी पडले; ते आधीच आणलेले होते. देवावर भरवसा ठेवणारा माणूस तयारी टाळत नाही, हे मला त्या कमरेएवढ्या पाण्यात उमगले. चांगला हेतूही चुकीच्या जागी बांधला तर घात करतो, हेही तिथेच कळले.

आता पावसाळ्याच्या तोंडावर काका स्वतः दोऱ्या तपासतात, झिजलेली गाठ सोडून नवी मारतात. मी काठावर उभा राहून त्या गाठी मोजतो.